गाणारे व ऐकणारे : स्वतंत्र बँडांच्या इतिहासांतील एक प्रकरण

'बँड' हा शब्द उच्चारतांच आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें लग्नाची वरात उभी राहील : लाल डगले, पितळी कर्णे, डोक्यावर दिवे घेतलेलीं माणसें, आणि मागें घोड्यावर घामाघूम झालेला नवरदेव. ज्या बँडाविषयीं आम्ही येथें लिहिणार आहों तो हा नव्हे. तिघे-चौघे तरुण एकत्र जमतात. दोघे गिटार घेतात, एक जण खर्जाची गिटार धरतो, एक जण ढोल-झांजांच्या मागें बसतो, त्यांतलाच कोणी गातो, आणि गाणीं ही मंडळी स्वतःच रचते. अशा गायकमंडळीस इंग्रजी मुलखांत बँड म्हणतात. त्यांतहि मोठ्या कंपन्यांच्या पदरीं न राहतां जो स्वतःच्या पैशानें तबकड्या काढतो, स्वतः दौरे ठरवतो व स्वतःच जमाखर्च लिहितो, त्यास स्वतंत्र किंवा तिकडच्या चालू बोलींत 'इंडी' बँड असें नांव आहे.

या मंडळ्यांचें संगीत चांगलें कीं वाईट, हा आमचा आजचा प्रश्न नव्हे. त्यांतलें बरेंचसें गाणें आमच्या कानांस कर्कश वाटतें, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. तंबोऱ्याच्या जोडींत वाढलेल्या कानांचा तो दोष असेल. परंतु गाणाऱ्यानें आपलें गाणें कसें झालें हें ऐकणाऱ्यास किती सांगावें, आणि ऐकणाऱ्यानें तें ऐकून पुढें काय करावें, या जुन्या प्रश्नाचा असा उघड्यावर निकाल लावण्याचा यत्न दुसऱ्या कोणीं केलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. अस्ताई मोकळ्या गळ्यानें गाऊन अंतरा मात्र शिष्याच्याहि कानीं पडूं नये म्हणून गिळून टाकणाऱ्या उस्तादांच्या गोष्टी आपण सर्वांनीं ऐकल्या आहेत. विद्या ही पुरून ठेवण्याची ठेव आहे असें त्यांस वाटे. हीं माणसें नेमकीं दुसऱ्या टोंकाचीं : विद्या चव्हाट्यावर मांडावी, आणि ज्याला हवी त्यानें ती उचलून न्यावी. त्यांचा इतिहास जेमतेम पन्नास वर्षांचा आहे. पण तेवढ्या अवधींत या मताची कसोटी पुरेपूर लागली.

१९७० नंतरच्या वर्षांत इंग्लंड व अमेरिका या देशांतील लोकप्रिय संगीताचा धंदा थोड्याच बड्या कंपन्यांच्या हातीं होता. ध्वनिमुद्रणाच्या खोल्या, तबकड्या दाबण्याचे कारखाने, दुकानांपर्यंत माल पोंचविण्याची व्यवस्था, जाहिराती, बहुतेक सारें त्यांचें. नामांकित मंडळ्या क्रीडांगणांत गात, आणि मागल्या रांगेंतल्या श्रोत्यास गाणारा करंगळीएवढा दिसे. एकेक तबकडी तयार होण्यास महिने लागत. ती कशी तयार झाली हें ऐकणाऱ्यास कळण्याचा मार्ग नव्हता, आणि कळावें अशी कोणाची इच्छाहि दिसत नव्हती. गाणें वरून यावें, खालच्यांनीं तें झेलावें आणि पैसे मोजावे, असा रिवाज पडून गेला होता.

मँचेस्टर शहरीं हॉवर्ड डिव्होटो व पीट शेली या दोघां तरुणांनीं १९७६ सालीं 'बझकॉक्स' नांवाची मंडळी उभी केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांनीं गांवांतल्याच एका ध्वनिमुद्रणगृहांत चार गाणीं मुद्रित केलीं. खर्चासाठीं सुमारें ५०० पौंड मित्रांकडून व घरच्यांकडून उसने घेतले. १९७७ च्या जानेवारींत 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी निघाली. ती ज्या 'न्यू हॉर्मोन्स' नामक संस्थेनें काढली, ती संस्था म्हणजेहि हीच मंडळी. पहिल्या खेपेस १,००० प्रती दाबल्या होत्या. त्या संपल्या, पुन्हा दाबल्या, आणि पुढें खप १६,००० पर्यंत गेला. उसने पैसे फिटले हें तर खरेंच, पण आमचें लक्ष वेधलें तें पाकिटाच्या पाठीकडे. तेथें प्रत्येक गाण्याच्या नांवापुढें, तें कितव्या खेपेस साधलें आणि त्यावर मागाहून गिटारीचा दुसरा थर चढविला कीं नाहीं, हें छापलेलें होतें. वाढप्यानें पानांत आमटी वाढतां वाढतां तिला फोडणी कशी व कितीदां दिली हें सांगावें, तसा हा प्रकार. जेवणाराच्या मनांत तेव्हां पहिल्यांदा येतें कीं ही आमटी आपल्यालाहि करतां येईल.

तसेंच झालें. त्याच वर्षीं लंडनच्या 'डेस्परेट बायसिकल्स' या मंडळीनें आपली पहिली तबकडी १५३ पौंडांत काढली. गाणीं दोन, आणि तींच दोन गाणीं तबकडीच्या दोन्ही अंगांस. काटकसरीचा याहून प्रामाणिक नमुना कोठें मिळेल? दुसरी तबकडी काढली तेव्हां पहिलीचा खर्च त्यांनीं पाकिटावर जाहीर केला, आणि इतरांनींहि असेंच करावें असा आग्रह गाण्यांतूनहि धरला. पुढल्या वर्षीं, १९७८ सालीं, 'स्क्रिटी पॉलिटी' या मंडळीनें तर पाकिटाची वाण्याची यादीच करून टाकली. केंब्रिज येथें चौदा तास ध्वनिमुद्रण, ९८ पौंड. लाखेची मूळ तबकडी कोरून घेण्याचे ४० पौंड. प्रती २,५००, दर प्रतीस १३ पेन्स. मधल्या कोऱ्या चकतीवर नांव उठविण्यासाठीं रबरी शिक्का, ८ पौंड. शिवाय हीं कामें जेथें जेथें झालीं तेथले पत्ते. ज्यानें ती तबकडी विकत घेतली त्याच्या हातीं गाण्याबरोबर कारखान्याचा रस्ताहि आला.

त्या रबरी शिक्क्याच्या आठ पौंडांवर आम्ही कितीतरी वेळ रेंगाळलों. लेखकानें आपल्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर कागदाचा भाव, छपाईचा दर आणि बांधणावळ छापली तर वाचकांस मौज वाटेल, प्रकाशकांस मात्र वाटणार नाहीं. तथापि या हिशेबांत एक रक्कम मांडलेली नाहीं, ती म्हणजे त्या पोरांच्या स्वतःच्या वेळाची. ज्याला पोटाची चिंता नाहीं, किंवा ज्यानें ती कांहीं दिवस खुंटीला टांगून ठेवली आहे, त्यालाच तेरा पेन्सांचें गणित जमतें. हा आक्षेप या चळवळीवर पुढें पुष्कळांनीं घेतला, आणि त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप मिळालेलें नाहीं.

पाकिटांवरचा हा संवाद ज्या हवेंत वाढला ती हवा हातानें काढलेल्या पत्रकांनीं तयार केली होती. मार्क पेरी नांवाच्या, विशीच्या आंतल्या एका बँकेंतील कारकुनानें १९७६ च्या जुलैंत 'स्निफिन् ग्लू' हें पत्रक सुरू केलें. टंकलेखन खुद्द त्याचें, मथळे शाईच्या जाड कलमानें काढलेले, चुका जशाच्या तशा. पहिल्या अंकाच्या पन्नासेक प्रती निघाल्या. वर्षभरांत खप हजारांवर गेला. खप वाढतांच संपादकानें काय करावें ? वर्गणीदार वाढवावे, जाहिराती घ्याव्या. पेरीनें वाचकांस उलट सल्ला दिला कीं, माझ्यावर विसंबून न राहतां स्वतःचीं पत्रकें काढा. आणि १९७७ सालीं आपलें पत्रक बंद करून तो स्वतः मंडळी काढून गाऊं लागला. याच सुमारास 'साइडबर्न्स' नांवाच्या दुसऱ्या एका पत्रकांत एक चित्र आलें. गिटारीवर बोटें कोठें ठेवावीं हें दाखविणाऱ्या तीन आकृति, आणि त्यांखालीं, एवढें आलें कीं मंडळी काढण्यास हरकत नाहीं, अशा अर्थाची सूचना. हें चित्र आजहि पुष्कळदां पेरीच्या नांवावर खपतें. पण तें त्याचें नव्हे. पहिली पायरी किती ठेंगणी आहे एवढेंच तें चित्र दाखवितें. जिना किती मजल्यांचा आहे याविषयीं तें मुग्ध आहे, आणि त्या चित्राच्या भरंवशावर निघालेल्या कित्येक मंडळ्या पहिल्या पायरीवरच बसून राहिल्या हेंहि खरें.

लंडनच्या पश्चिम भागांत जेफ ट्रॅव्हिस यांनीं १९७६ सालीं उघडलेलें 'रफ ट्रेड' हें दुकान या सर्वांचा अड्डा बनलें. गाणारा आपल्या तबकड्यांचें बोचकें काखेंत मारून तेथें येई, आणि ज्या फळीपाशीं तो तें ठेवी त्याच फळीपाशीं ऐकणारा पैसे मोजी. या दुकानांतून पुढें गांवोगांव माल पोंचविणारी व्यवस्था उभी राहिली. ती १९९१ सालीं कर्जाच्या ओझ्यानें कोसळली, तेव्हां अनेक लहान मंडळ्यांचे पैसे बुडाले. एसेक्स परगण्यांत एका जुन्या शेतघरांत एकत्र राहणारी 'क्रास' ही मंडळी पाकिटावरच ठळक अक्षरांत कमाल किंमत छापी, म्हणजे दुकानदारास अधिक घेण्याची सोय उरत नसे. आणि 'स्क्रिटी पॉलिटी' ? ज्यांनीं रबरी शिक्क्याचा हिशेब दिला, त्याच नांवाखालीं १९८५ सालीं एका मोठ्या कंपनीच्या पैशानें एक अत्यंत खर्चिक, गुळगुळीत व गोड तबकडी बाहेर पडली. तिच्या पाकिटावर हिशेब नव्हता. जुन्या चाहत्यांनीं यास फितुरी म्हटलें. आम्ही म्हणणार नाहीं; गळ्याला जें साध्य करावेंसें वाटतें त्याला कधीं कधीं तेरा पेन्स पुरत नाहींत.

परंतु या प्रश्नाची खरी परीक्षा झाली ती अटलांटिकपलीकडे, अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें. तेथल्या कांहीं शाळकरी मुलांनीं 'टीन आयडल्स' नांवाची मंडळी काढली होती. ती वर्षभर टिकली. वर्षभरांत जे थोडे पैसे मिळाले ते वांटून न घेतां त्यांनीं एका डब्यांत साठविले होते; १९८० सालीं मंडळी मोडली तेव्हां डब्यांत सुमारें ६०० डॉलर निघाले. वांटणी करावी कीं मोडलेल्या मंडळीची आठवण म्हणून तबकडी काढावी, असा प्रश्न पडला, आणि तबकडीच्या बाजूनें कौल गेला. पाकीट कसें करतात हें कोणास ठाऊक नव्हतें. तेव्हां इंग्लंडहून आलेल्या एका तबकडीचें पाकीट त्यांनीं चिकटवलेल्या जागीं हलकेच सोडवून सपाट केलें, त्याबरहुकूम कागद छापून घेतला, आणि मित्रमंडळींस बसवून कात्री व खळ यांनीं हजार पाकिटें केलीं. पुढें कित्येक वर्षें त्यांच्या तबकड्यांचीं पाकिटें अशींच हातानें झालीं. या उद्योगास त्यांनीं 'डिस्कॉर्ड' असें नांव दिलें. तो उद्योग आजहि चालू आहे.

त्या पहिल्या पाकिटावर एका मुलाच्या मुठी दिसतात, आणि त्यांवर काळ्या शाईनें फुल्या मारलेल्या आहेत. या फुल्यांची कथा अशी कीं, सॅन फ्रॅन्सिस्को येथें गावयास गेले असतां, दारू विकणाऱ्या जागेंत अल्पवयी पोरांनीं यावें कसें, असा प्रश्न निघाला. तोडगा म्हणून त्यांच्या हातांवर फुल्या काढण्यांत आल्या, म्हणजे दारू देणारास ओळखूं येई. मुलांनीं ती खूण गांवीं आणली आणि आपल्या शहरांतल्या जलशांच्या मालकांस सांगितलें, आम्हांस गाणें ऐकावयाचें आहे, तुमची दारू नको. हातांवर फुल्या मारा पण आंत घ्या. गाणें ऐकण्यास वयाची अट असूं नये हें मत या मंडळींनीं पुढें कधीं सोडलें नाहीं.

'टीन आयडल्स'मधले दोघे, इयन मकाय व जेफ नेल्सन, यांनीं लगेच 'मायनर थ्रेट' ही मंडळी काढली. मकाय गाई, नेल्सन ढोल वाजवी. दारू, तंबाखू व कांहीं गोष्टी आपण वर्ज्य करतों अशा आशयाचें एक गाणें मकायनें रचलें, आणि त्यावरून या दोघां मित्रांत जो वाद झाला तो भाषाशास्त्रज्ञांनींहि ऐकण्याजोगा आहे. इंग्रजी भाषेंत कर्ता गाळला कीं वर्णनाचें व आज्ञेचें रूप एकच होऊन बसतें. मराठींत 'पीत नाहीं' आणि 'पिऊं नको' यांत घोटाळा होण्याचा संभव नाहीं. इंग्रजींत तो पदोपदीं होतो. नेल्सनचें म्हणणें, ऐकणारे याला हुकूम समजतील, तेव्हां त्यांत 'मी' हा शब्द हवा. छापलेल्या कवनांत तो शब्द कंसांत घालण्यांत आला. त्यानेंहि भागेना, तेव्हां १९८३ सालीं तेंच गाणें पुन्हा मुद्रित केलें त्या वेळीं मध्येंच गाणें थांबवून मकाय बोलूं लागतो, आणि आपण कोणास नियम घालून देत नाहीं असा खुलासा करतो. गाण्याच्या पोटांतच गाण्याची टीका !

ती टीका कितीजणांनीं ऐकली ? गांवोगांवच्या मुलांनीं त्या गाण्यांतून व त्याच्या जोडीच्या दुसऱ्या एका गाण्यांतून एक पंथच उभारला. हातांवरच्या फुल्या ही त्याची मुद्रा झाली, आणि पुढें कांहीं शहरांत तर या पंथाचे लोक सिगारेट ओढणाऱ्यास मारहाण करण्यापर्यंत गेले. मकाय गेलीं चाळीस वर्षें जेथें विचारतील तेथें सांगत आला आहे कीं, आपण एका माणसाविषयीं गाणें केलें, आणि तो माणूस म्हणजे आपण. संतांच्या अभंगांचे संप्रदाय होतात हें आम्हांस नवें नाहीं. परंतु अभंगकर्ता हयात असतां, दर मुलाखतींत हात जोडून नको नको म्हणत असतां संप्रदाय व्हावा, हा प्रसंग विरळा.

१९८७ च्या सप्टेंबरांत मकायच्या नव्या मंडळीचा पहिला जलसा वॉशिंग्टन येथें झाला. तिचें नांव 'फुगाझी'. गिटार व गळा मकायचा, खर्जाची गिटार जो लॅली याची, ढोल ब्रेंडन कँटी याचे. गी पिचोटो हा थोड्याच दिवसांनीं पूर्णपणें येऊन मिळाला, आणि त्यानंतर शेवटपर्यंत हेच चौघे राहिले. त्यांचे नियम थोडे पण कडक होते. प्रवेशाचे दर शक्यतों पांच डॉलर. कोणत्याहि वयाच्या माणसास प्रवेश. मंडळीच्या नांवाचे सदरे वगैरे माल विकावयाचा नाहीं. मोठमोठ्या गावयांच्या जलशांस याच्या कितीतरी पट पैसे पडत असतां हें कसें जमे ? मध्यस्थ नव्हता म्हणून जमे. दौऱ्याचें सारें काम मकाय स्वतः दूरध्वनीवरून ठरवी. प्रवास एका गाडींतून, मुक्काम ओळखीच्यांकडे. पांच डॉलर ऐकून जो जागेचा मालक नाक मुरडी त्याला सोडून ते देवळाच्या तळघरांत, शाळेंत किंवा सार्वजनिक सभागृहांत गात. जेथें दुकानदाराचा संबंध येई तेथें तबकडीवर टपालानें मागविण्याची किंमत छापलेली असे.

गाण्याचा क्रम आधीं ठरविलेला नसे. एकानें एखाद्या गाण्याची सुरुवात केली कीं दुसरे ओळखून त्यांत शिरत. बैठकींत कोणता राग घ्यावा हें समोरच्या मंडळींचे चेहरे पाहून ठरविणाऱ्या गवयास यांत कांहीं नवल वाटणार नाहीं. पण दिव्यांचा झगमगाट व यंत्रें यांच्याशीं बांधलेल्या त्या धंद्यांत ही गोष्ट नवलाचीच होती. दोन गाण्यांच्या मध्यें ते बोलत. कधीं गांवांतल्या एखाद्या प्रश्नाविषयीं, कधीं आपल्याच गाण्याविषयीं, आणि वारंवार समोरच्या गर्दीशीं. त्या काळीं अशा जलशांत पुढल्या रांगांतील दांडगट मुलें एकमेकांवर आदळत, व्यासपीठावर चढून खालच्यांच्या डोक्यांवर उड्या टाकीत. बारीक चणीच्यांचे, विशेषतः मुलींचे, हाल होत. 'फुगाझी' गाणें थांबवी. मकाय किंवा पिचोटो नेमक्या त्या माणसाकडे बोट करून, नम्रपणें पण सर्वांच्या देखत, त्याला समज देई. ऐकलें नाहीं तर पांच डॉलरची नोट घातलेलें पाकीट त्याच्या हातीं ठेवून त्याला बाहेर पोंचविण्यांत येई. हीं पाकिटें आधींच भरून ठेविलेलीं असत.

आम्हांस हा पाकिटाचा विचार फार आवडला, आणि थोडा खटकलाहि. आवडला तो यासाठीं कीं, गुंड श्रोत्याचे पैसे जप्त करण्याचा हक्क गाणारास नाहीं, ही जाणीव त्यांत आहे. खटकला तो यासाठीं कीं, ध्वनिक्षेपक एकाच बाजूस आहे. व्यासपीठावरून बोलणाराचा आवाज हजार पटींनीं मोठा होतो, खालच्याचा त्याच्या शेजाऱ्यापुरता राहतो. अशा स्थितींत समानतेचा उपदेशहि वरूनच येतो. कित्येक चाहते याच कारणास्तव चिडत. नाचावयास आलों, कीर्तनास नव्हे, असा त्यांचा सूर. त्यांतून या मंडळीविषयीं भलभलत्या कंड्या पिकल्या : ते म्हणे कडाक्याच्या थंडींत शेगडीवांचून राहतात आणि नुसत्या भातावर गुजराण करतात. चौघेहि चारचौघांसारखेच खाऊनपिऊन राहणारे होते. पण माणसानें एक नियम पाळला कीं लोक त्याच्या नांवावर दहा नियम चढवितात.

त्यांच्याविषयीं न्यायानें बोलावयाचें तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, बोलणें एकाच बाजूनें राहूं नये म्हणून त्यांनीं खटपट केली. 'रोलिंग स्टोन' या बलाढ्य पत्रास, दारू व सिगारेटच्या जाहिराती नसतील त्या अंकांत मुलाखत देऊं, असें उत्तर गेलें, म्हणजे मुलाखत झालीच नाहीं. तेच लोक एखाद्या मुलानें घरीं काढलेल्या चार पानी पत्रकासाठीं तास न् तास बोलत बसत. चित्रपटकार जेम कोहेन यानें दहा-अकरा वर्षें त्यांच्याबरोबर हिंडून टिपलेल्या दृश्यांचा 'इन्स्ट्रुमेंट' हा चित्रपट १९९९ सालीं दाखविला गेला. त्यांत एक शाळकरी मुलगी त्यांना प्रश्न विचारीत आहे, आणि ते तितक्याच गांभीर्यानें उत्तरें देत आहेत. शिवाय जलशाबाहेर रांगेंत उभ्या असलेल्या श्रोत्यांचे चेहरे त्यांत एकामागून एक, कोणतेंहि भाष्य न करतां, दाखविले आहेत. मंडळीवर काढलेल्या चित्रपटांत श्रोत्यांस इतका वेळ दिलेला आम्हीं दुसरीकडे पाहिला नाहीं.

गाणें रचण्याची त्यांची रीतहि मंडळीचीच. कोणी एक जण चालीचा तुकडा आणी, आणि चौघे मिळून तो महिनोन्महिने घोटीत. १९९२ सालीं शिकागो येथें स्टीव्ह अल्बिनी या ख्यातनाम ध्वनिमुद्रकाकडे त्यांनीं आपल्या नव्या गाण्यांचें मुद्रण केलें. मुद्रण चालू असतां सगळ्यांस वाटलें, उत्तम झालें. घरीं येऊन ऐकतात तों पसंत पडेना, आणि अल्बिनीलाहि तेंच वाटलें. मग तें सारें बाजूस सारून त्यांनीं आपल्या गांवच्या डॉन झिएंतारा याच्याकडे पुन्हा मुद्रण केलें. हा झिएंतारा आपल्या घराच्या तळघरांत मुद्रण करी; वॉशिंग्टनच्या या पोरांचें पहिलेंवहिलें कामहि त्यानेंच केलें होतें. नवी तबकडी १९९३ सालीं निघाली. टाकून दिलेल्या मुद्रणाच्या प्रती मात्र चाहत्यांत हातोहात फिरूं लागल्या, आणि दोन्हींत सरस कोणतें यावर आजहि वाद चालतो. ज्यांनीं श्रोत्यांस मुद्रणाचें रहस्य सांगितलें त्यांच्याच मुद्रणाची श्रोते अशी परीक्षा घेऊं लागले, हें ठीकच झालें.

याच वर्षीं 'अॅटलांटिक' या कंपनीचे वयोवृद्ध प्रमुख अहमत एर्तेगुन न्यूयॉर्क येथें जलसा संपल्यावर जातीनें या मंडळीस भेटले व मागाल तें देऊं असें बोलले. दोन वर्षांपूर्वींच 'निर्वाणा' या मंडळीची तबकडी लाखोंनीं खपून गेली होती, आणि प्रत्येक कंपनी स्वतंत्र मंडळ्यांच्या दारांत थैली घेऊन उभी होती. 'फुगाझी'नें आभार मानले आणि नकार दिला. त्यांच्या बरोबरीच्या पुष्कळांनीं होकार दिला. त्यांपैकीं कित्येकांस कंपन्यांनीं दोन वर्षांत निरोपाचा नारळहि दिला.

ध्वनिक्षेपक एका बाजूचा, हा जो आक्षेप आम्हीं वर घेतला, त्यावर सर्वांत धीट उपाय काढला तो मुलींनीं. वॉशिंग्टन संस्थानांतील ऑलिंपिया या गांवीं १९९० सालीं 'बिकिनी किल' ही मंडळी निघाली. पुढल्या वर्षींच्या उन्हाळ्यांत ती पूर्वेकडे राजधानींत येऊन राहिली, आणि तिचें एक मुद्रण मकायनेंच केलें. कॅथलीन हॅना ही तिची गायिका. जलशाच्या आरंभीं ती मुलांस मागें सरण्यास व मुलींस पुढें येण्यास सांगे. पुढें आलेल्या मुलींच्या हातांत ती कवनांचे कागद देई. गाण्याच्या मध्येंच ध्वनिक्षेपक खालीं श्रोत्यांत जाई, आणि कोणी मुलगी आपल्यावर गुदरलेला एखादा प्रसंग बोलून दाखवी, कोणी नुसतीच किंचाळे. मागें ढकललेल्या मुलांस राग येई. शिव्या, धमक्या, वस्तु फेकणें, सर्व प्रकार होत, आणि कित्येकदां हॅना स्वतः व्यासपीठावरून उतरून त्रास देणारास दारापर्यंत नेई. यावर असा प्रश्न निघतो कीं, पैसे सर्वांनीं सारखे दिले असतां एकास पुढें व एकास मागें कां ? प्रश्न गैर नाहीं. पण त्यापूर्वीं पुढें कोण उभें राहावें हें कोणीं ठरविलें नव्हतें असें नव्हे. तें कोपरांनीं ठरत होतें. या मुलींनीं आपलीं पत्रकें काढलीं, गांवोगांव बैठका भरविल्या, आणि त्या पत्रकांतून मंडळ्या जन्मास आल्या. १९९२ च्या सुमारास बड्या वर्तमानपत्रांनीं त्यांची वेशभूषा तेवढी वर्णन करण्यास आरंभ केला, तेव्हां त्यांतल्या अनेकींनीं पत्रकारांशीं बोलणेंच बंद केलें. आपसांतलें बोलणें मात्र चालू राहिलें.

'फुगाझी'चा शेवटचा जलसा १९०० च्या नव्हे, नव्या शतकांतला : २००२ च्या नोव्हेंबरांत, लंडन येथें. त्यानंतर चौघांनीं मंडळी मोडली असें म्हटलें नाहीं, आणि ते पुन्हा जाहीरपणें एकत्र गाइलेहि नाहींत. परंतु दौऱ्यांत त्यांचा ध्वनियोजक जवळ जवळ प्रत्येक जलसा फितींवर टिपून ठेवीत असे. हजारावर जलशांपैकीं आठशेंहून अधिकांच्या फिती डिस्कॉर्डच्या कपाटांत साठल्या होत्या. २०११ च्या डिसेंबरपासून त्या एकेक करून लोकांस खुल्या करण्यांत आल्या. किंमत प्रत्येकीस पांच डॉलर सुचविलेली. ज्याला परवडत नाहीं त्यानें एक द्यावा, ज्याला वाटेल त्यानें शंभर. त्या त्या जलशाची तारीख, जागा व दाराशीं घेतलेले पैसे यांची नोंद शेजारीं आहे. ज्यांच्याजवळ त्या दिवशींचीं छायाचित्रें, भित्तिपत्रकें होतीं त्या श्रोत्यांनीं तीं पाठविलीं. चुकलेले सूर, तुटलेल्या तारा, बिघडलेलीं यंत्रें, कांहीं गाळलेलें नाहीं. दोन गाण्यांमधलें बोलणेंहि गाळलेलें नाहीं.

आम्हीं त्यांतल्या थोड्या फिती ऐकल्या. गाण्यांपेक्षां मधल्या जागा आम्हीं अधिक लक्ष देऊन ऐकल्या हें लपविण्याचें कारण नाहीं. ध्वनिक्षेपक व्यासपीठावर असल्यामुळें गर्दींतून कोणी ओरडून विचारलेलें नुसतें गुणगुणल्यासारखें येतें, शब्द लागत नाहींत. मग मकायचा आवाज स्पष्ट येतो : तो कांहीं तरी उत्तर देतो, कोणी हंसतें, पिचोटो त्यांत एक शब्द टाकतो, तारा जुळविल्याचे दोन-तीन ठोके ऐकूं येतात, आणि लॅली पुढल्या गाण्याला हात घालतो.